अक्काला न आवडलेले चेहरे

त्या नव्या हिरोला मान नाही, असं अक्काचं मत होतं.

"धडावर थेट डोकं ठेवून दिलंय बघ. मधलं लावायला विसरले," ती म्हणाली. थिएटरात अंधार होता, हिरो पावसात भिजत गुंडांना बडवत होता, आणि पुढच्या रांगेतली एक बाई मागे वळून आमच्याकडे रागानं बघत होती. अक्कानं तिलाच कन्नडमध्ये विचारलं, "तुम्हीच सांगा, आहे का मान?" बाईनं पडद्याकडे तोंड वळवलं. थोड्या वेळानं तिचे खांदे हलायला लागले. हसत होती.

अक्का म्हणजे माझी मोठी जाऊ. माझ्या सासरची माणसं कित्येक पिढ्या बेंगळुरूची. घरात मराठी बोलतात, पण ती मराठी अशी की लग्नाच्या बोलणीला आलेल्या माझ्या पुण्याच्या आईला आधी वाटलं, ही मंडळी आपली थट्टा करताहेत. मोठ्या दिरांना सगळे अण्णा म्हणत, म्हणून मीही अण्णा म्हणायला लागले. जावेला मी पहिले काही दिवस "अहो वहिनी" म्हणत होते. ती वयानं माझ्याहून खूप मोठी. एक दिवस तिनं मला स्वयंपाकघरात थांबवलं आणि म्हणाली, "अक्का म्हण. आणि अगंतुगं कर. अहोजाहो करणाऱ्या माणसाबरोबर सिनेमा बघता येत नाही मला."

बसवनगुडीतल्या आमच्या घरात खाली अण्णा-अक्का आणि वर आम्ही. माझे यजमान सकाळी ऑफिसच्या कॅबनं व्हाइटफील्डला जात ते रात्री दमून येत. मला कन्नड येत नव्हतं, ओळखीचं कुणी नव्हतं, जयनगरच्या शाळेत हिंदी शिकवायची नोकरी मिळाली तीही नंतर. त्या दिवसांत अक्कानं मला धरून सिनेमाला नेलं. शनिवारी दुपारचा खेळ. मला एक अक्षर कळत नसे. ती कानाशी लागून भाषांतर करायची, पण त्यात संवाद कमी आणि तिची मतंच जास्त. हिरोईन तीन मिनिटं रडून काहीतरी सांगायची आणि अक्का मला सांगायची, "आई आजारी आहे म्हणते. पण भुवया बघ, दुसऱ्या कुणाच्या तरी आणून लावल्यात." असं करत करत मी कन्नड शिकले. "स्वल्प" म्हणजे थोडं, "सरी" म्हणजे बरं, हे सगळेच शिकतात. मी त्याआधी "परवागिल्ला" शिकले. म्हणजे ठीक आहे, चालवून घेऊ. बहुतेक नट अक्काच्या लेखी परवागिल्ला होते.

दाढी ही हनुवटी नसलेल्यांची सोय आहे, असं ती म्हणायची. डोळे मोठे असून भागत नाही, त्यांच्यामागे कुणीतरी राहत असलं पाहिजे, असं म्हणायची. चेहऱ्याला सुया टोचून, ताणून घेतलेल्या नट्या दिसल्या की तिचा पारा चढायचा. "इस्त्री करून आणलंय तोंड. आता त्याच्यावर हसू कुठनं येणार? चुणी पडेल की!" तिचा एकच लाडका हिरो होता, तिच्या कॉलेजच्या दिवसांपासूनचा. तो आता साठीचा होता, केस विगाचे, पोट पट्ट्यानं आवळलेलं, आणि बरोबर नाचायला लेकीच्या वयाची पोरगी. तरी त्याला सगळं माफ. "का गं?" मी विचारलं. "तो हसतो बघ कसा. रडताना कुणीपण बरं दिसतं, ग्लिसरीन घातलं की झालं. माणूस हसताना बघावा."

मी माझ्या बाजूनं मराठी सिनेमाची वकिली करायची. आमचे नट कसे खऱ्या माणसांसारखे दिसतात, वगैरे. ती म्हणायची, "माणसं बघायला मी भाजी मार्केटात जाते की. तिथं तिकीट नाही."

शुक्रवारी नवा सिनेमा लागायचा, शनिवारी आम्ही बघायचो आणि पुढचा आठवडाभर तो पुरायचा. वाटण वाटताना, कपडे वाळत घालताना, जिन्यात. अण्णा बँकेतून निवृत्त झालेले, अत्यंत गंभीर गृहस्थ. ते पेपरमागून म्हणायचे, "ज्यांना तुम्ही कधी भेटणार नाही त्यांच्या नाकाची एवढी चर्चा!" अक्का म्हणायची, "भेटणार नाही म्हणून तर. भेटणाऱ्यांच्या नाकाबद्दल बोललं तर भांडणं होतात."

अक्का स्वतः देखणी होती. हे ती कधी बोलली नाही, पण तिला ठाऊक होतं. गव्हाळ वर्ण, लांब मान, आणि हसली की डाव्या गालाला खळी. समाजाच्या हळदीकुंकवाला ती दारातून आत आली की बायका क्षणभर बोलायच्या थांबत. मॉलमधल्या थिएटरच्या दारात मोठा आरसा होता. त्याच्यासमोरून जाताना ती पावलं हळू करायची. एक नजर, गजरा नीट आहे ना एवढं बघायचं, की पुढे. मला ते आवडायचं.

गाठ तिला आधी हाताला लागली. कानाच्या खाली, जबड्याच्या कोपऱ्यात, वाटाण्याएवढी. "गालगुंड असेल. या वयात पोरांची दुखणी," असं म्हणून तिनं काही महिने घालवले. दुखत नव्हतं म्हणून. मग ती आवळ्याएवढी झाली आणि अण्णांनी ऐकून घेतलं नाही.

तपासण्या झाल्या. डॉक्टरांकडे आम्ही तिघं गेलो. डॉक्टर तरुण होते, सावकाश, समजेल असं बोलत होते. लाळेच्या ग्रंथीत गाठ आहे, चांगली नाही, काढावी लागेल. चेहरा हलवणारी नस त्याच ग्रंथीतून जाते. गाठ नसेला चिकटलेली असली तर नस कापावी लागेल. मग चेहऱ्याची ती बाजू पुन्हा हलणार नाही.

अण्णांनी सगळं विचारलं. जिवाला धोका किती, किती दिवस राहावं लागेल, पुढे काय. भिंतीवर चेहऱ्याच्या आतल्या शिरांचं एक चित्र लावलेलं होतं, अक्का तिकडे बघत होती.

रिक्षा सिग्नलला थांबली तेव्हा ती म्हणाली, "डॉक्टर दिसायला बरा होता नाही? नाक जरा जास्त झालं."

अण्णा बाहेर बघत होते. मी म्हटलं, "परवागिल्ला."

"परवागिल्ला," ती म्हणाली, आणि माझा हात धरला.

नस वाचली नाही. ऑपरेशननंतर डॉक्टर बाहेर येऊन अण्णांना हे सांगत होते तेव्हा अण्णा मान हलवत राहिले, "सरी सरी," म्हणत राहिले, जणू किराणावाला डाळ संपली म्हणून सांगतोय. मग तिथल्या खुर्चीवर बसले आणि चष्मा काढून पुसत राहिले.

पट्ट्या निघाल्या तेव्हा मी शेजारी होते. डावा गाल खाली उतरला होता, ओठाचा कोपरा ओघळला होता, कपाळाची डावी बाजू गुळगुळीत, एक आठी नाही. डोळा मिटत नव्हता. झोपली तरी फटीतून पांढरं दिसायचं. नर्सनं मला थेंब घालायला आणि झोपताना पापणी ओढून चिकटपट्टी लावायला शिकवलं. अक्कानं आरसा मागितला. मी नर्सकडे बघितलं. नर्स म्हणाली, "द्या, कधीतरी बघणारच." तिनं बघितलं. बराच वेळ. मग आरसा पालथा करून चादरीवर ठेवला आणि म्हणाली, "भूक लागली."

घरी आल्यावर कळलं की एका बाजूनं काय काय अडतं. कॉफी प्यायली की डावीकडून ओघळायची. ती पदर लावून प्यायला लागली, मग आमच्यासमोर प्यायचीच बंद झाली. बोलताना ओठ नीट मिटत नसत, त्यामुळे प आणि ब म्हणताना हवा निसटायची. पुढे किरणांचे उपचार झाले, तोंड कोरडं पडलं, चव गेली. पण ते सगळं ती सांगायची तरी. मीठ कळत नाही, घसा जळतो. चेहऱ्याबद्दल मात्र चकार शब्द नाही.

भेटायला माणसं येत. येणारी प्रत्येक बाई तिच्या कपाळाकडे नाही तर हाताकडे बघून बोलायची. आमची नणंद आली, तीही असंच खाली बघत म्हणाली, "जीव वाचला हे काय कमी आहे? या वयात चेहरा घेऊन काय करायचंय?"

"हो," अक्का म्हणाली.

नणंद गेल्यावर मी कप उचलत होते. अक्का म्हणाली, "चेहरा घेऊन काय करायचंय म्हणे. मग केस कशाला रंगवते, विचार तिला."

मला हसू फुटलं. वाटलं, जुनी अक्का आली परत. हसत मी तिच्याकडे बघितलं, तर तिचा चेहरा तसाच. दोन्ही बाजू स्थिर. मग लक्षात आलं. उजवी बाजू हलली की डावी जास्त वाकडी दिसायची. म्हणून तिनं चांगली बाजूही हलवायची सोडली होती. आरशासमोर बसून शिकली असणार. बोलताना ओठ जेमतेम उघडायची आणि डोळे खाली ठेवायची, आणि समोरच्याला कळतच नसे की ती रागावलीय की गंमत करतेय.

नंतरची गोष्ट एका संध्याकाळची. अण्णा, अक्का आणि मी खालच्या खोलीत बसलो होतो, टीव्ही चालू होता. बऱ्याच वर्षांनी पडद्यावर परतलेली एक नटी नव्या सिनेमाबद्दल बोलत होती. एके काळी फार सुंदर होती. आता गाल फुगलेले, ओठ सुजल्यासारखे, कपाळ काचेसारखं. अक्का भेंडी चिरत होती. मान वर करून बघितलं आणि जुन्याच सुरात म्हणाली, "अय्यो, हिनं तोंडाचं काय करून घेतलं गं! एक बाजू तर..."

आणि थांबली.

अण्णा उठले. रिमोट सापडेना म्हणून थेट भिंतीकडे बटण बंद करायला गेले.

"राहू दे की," अक्का म्हणाली. "बंद कशाला करता?"

अण्णा तसेच उभे राहिले, हात बटणाजवळ. नटी बोलत राहिली, की या भूमिकेनं मला पुन्हा जन्म दिला वगैरे. अक्कानं भेंडी चिरून पूर्ण केली, ताटली उचलली आणि आत गेली.

त्या दिवसानंतर घरात सिनेमाचा विषय निघाला नाही. कुणी ठरवलं नव्हतं. टीव्हीवर बातम्या लागायच्या किंवा देवादिकांच्या मालिका. शुक्रवार यायचा आणि जायचा. मी शाळेतून आल्यावर खाली जायची, आम्ही दोघी बसायचो, आणि बोलायला काही सापडायचं नाही. औषध घेतलंस का? घेतलं. ऊन फार आहे. हो. मी मनात धरून होते की आमची मैत्री फार खोल आहे आणि सिनेमा हे आपलं वरवरचं निमित्त. तसं नव्हतं. आम्ही एकमेकींना जे काही सांगितलं होतं ते सगळं त्या नाकांबद्दल आणि भुवयांबद्दल बोलताबोलता सांगितलं होतं. तिचं पहिलं बाळ गेलं ते तिनं मला एका वाईट सिनेमातल्या वाईट रडण्याची टिंगल करताना सांगितलं. मला मूल होणार नाही हे कळलं तेव्हा मी तिला मध्यंतरात, पॉपकॉर्नच्या रांगेत सांगितलं. आता समोरासमोर बसून तसं काही सांगायचं तर कुठून सुरुवात करायची, दोघींनाही माहीत नव्हतं.

मग तिच्या लाडक्या हिरोचा नवा सिनेमा आला. सगळीकडे पोस्टर. थिएटरबाहेर त्याचं दोन मजली कटआउट लावून त्याच्यावर पोरांनी दूध ओतलं, ते पेपरात आलं. अण्णांनीच मला जिन्यात गाठलं. म्हणाले, "विचारून बघ तिला. नाही म्हणाली तर जोर करू नको." ज्या माणसानं आयुष्यभर सिनेमाला नाक मुरडलं, तो हे सांगत होता.

मी विचारलं. ती म्हणाली, "कोपऱ्यातली जागा मिळेल?"

"डाव्या भिंतीला लागून घेते."

"सरी."

तिनं मास्क लावला, चांगली साडी नेसली, गजरा माळला. मॉलच्या आरशापाशी मी तिच्या आणि आरशाच्या मधून चालले. तिला ते कळलं असेल. दिवे गेल्यावर तिनं मास्क काढला आणि मोठा श्वास घेतला. सिनेमा बरा होता. हिरोची एन्ट्री झाली तेव्हा शिट्ट्या वाजल्या, कागदाचे तुकडे उडाले. मधे एका विनोदी प्रसंगाला सगळं थिएटर हसत होतं, आणि मला शेजारून तिचा आवाज ऐकू आला. दबलेला, पण हसण्याचा. मी तिच्याकडे वळले नाही. पडद्याकडेच बघत राहिले. मला इतका आनंद झाला होता की पुढची दोन दृश्यं मला समजलीच नाहीत.

मध्यंतराचे दिवे अचानक लागले. ती मास्क शोधायला लागली. मांडीवरून तो खाली कुठेतरी पडला होता, मी खुर्चीखाली वाकून चाचपडत होते. तेवढ्यात समोरच्या पायऱ्यांवरून आमच्या समाजातली एक बाई उतरत आली. दर संक्रांतीला आमच्या घरी येणारी, अक्काच्या हातचे तिळाचे लाडू बांधून नेणारी. मला बघून थांबली.

"अगबाई, तू! सिनेमाला एकटीच आलीस? जाऊबाई नाही आल्या? आता बरं आहे ना त्यांना? कुठे दिसत नाहीत गं."

अक्का माझ्या शेजारच्या खुर्चीत बसलेली होती. दिवे पूर्ण लागलेले. त्या बाईनं बोलता बोलता तिच्याकडे एकदा बघितलंसुद्धा, अनोळखी माणसाकडे बघतात तसं, आणि काहीतरी खटकल्यासारखी नजर चटकन काढून घेतली.

अक्कानं माझ्या मनगटावर बोट दाबलं. मी म्हटलं, "बरं आहे त्यांना."

"सांग हं, आठवण काढली म्हणून," बाई म्हणाली आणि गेली.

मास्क मला सापडला. मी तो तिच्या हातात दिला. "चल जाऊया घरी," मी म्हटलं.

"तिकीट काढलंय," ती म्हणाली. "बस."

उरलेला सिनेमा आम्ही बघितला. ती मास्क लावून बसली होती, अंधारातही. पडद्यावर हिरोनं सूड घेतला, बहिणीचं लग्न लावलं. माणसं उठून गेली, झाडणारी माणसं आली, तेव्हा आम्ही उठलो. रिक्षात मी तिला विचारलं, फक्त काहीतरी विचारायचं म्हणून, "कसा वाटला तुझा हिरो?"

"म्हातारा झाला," ती म्हणाली.

त्यानंतर ती थिएटरात गेली नाही. मी दोन-तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "तू जा. येऊन सांग मला." म्हणून मी एका शनिवारी एकटी गेले. संध्याकाळी खाली जाऊन तिला सांगायला बसले. दोन भाऊ असतात, त्यातला एक परदेशी जातो, त्यांच्या वडिलांची जमीन असते...

"कथा नको सांगू," ती मधेच म्हणाली. "नवी पोरगी आहे ना त्यात? दिसते कशी?"

"बरी आहे."

"बरी म्हणजे? नाक? दात? हसते कशी?"

तिच्यासमोर बसून मला त्या मुलीचे दात कसे आहेत ते सांगता येईना. पुढचा एक दात किंचित दुसऱ्यावर चढलेला होता, आणि हसताना ती ओठ थोडा तिरका करायची, तेच तिचं आकर्षण होतं. एरवी आम्ही त्यावर दोन दिवस काढले असते. तिरका हा शब्द माझ्या तोंडातून निघेना. मी म्हटलं, "छान हसते."

अक्का माझ्याकडे बघत राहिली. "तूसुद्धा," ती म्हणाली. रागानं नाही. मग म्हणाली, "जाऊ दे. कुकर लावायचाय."

वर्षभरानं दुसऱ्या एका डॉक्टरांनी सांगितलं की मांडीतल्या ऊतीची पट्टी काढून गालात आतून बसवता येते, ओठाचा कोपरा वर ओढला जातो. हलणार नाही, पण निदान शांत बसल्यावर सरळ दिसेल. अण्णा नको म्हणत होते. पुन्हा भूल, पुन्हा कापाकापी. त्यांच्या लग्न झालेल्या लेकीनं फोनवरून दोन्ही बाजूंनी बोलून बघितलं. अक्का म्हणाली, "करूया."

झालं ऑपरेशन. सूज उतरायला पुष्कळ दिवस लागले. सूज उतरल्यावर ओठ खरंच सरळ झाला. पण गाल ताणलेला, तुकतुकीत, एका जागी धरून ठेवल्यासारखा. खळीची जागा भरून गेली होती. एका दुपारी मी खाली गेले तर ती खिडकीपाशी हातातला आरसा उजेडाकडे धरून बसली होती. मी परत फिरणार होते, पण तिनं बघितलं.

"ये. बघ, मलापण इस्त्री करून मिळाली."

"असं काय बोलतेस."

"खरं तेच. आता मी त्यांच्यातलीच." तिनं आरसा खाली ठेवला. "किती बोलले गं मी त्या बायकांना. वाटायचं, माजलेल्या आहेत, पैसा जास्त झालाय, म्हणून तोंडं बिघडवून घेतात." प आणि ब अजूनही निसटत होते, ती सावकाश बोलत होती. "त्यांनापण कुणीतरी टेबलापलीकडे बसून सांगितलं असेल, बरं दिसेल म्हणून. घरी येऊन त्यांनीपण असंच खिडकीत बसून बघितलं असेल. आणि मग कॅमेऱ्यासमोर जायचं, सगळ्या गावानं बघायचं. मला निदान जायचं नाही कुठे."

मी तिच्या पायाशी बसले. म्हटलं, "तू गंमत करायचीस. त्यांना काय कळलं?"

"त्यांना नाही कळलं. मला कळलं ना आता." मग डोळा पुसत म्हणाली, "हे रडणं नाही हं. हा आपोआप गळतो. तो दुसरा बघ, तो रडतोय."

मी बघितलं. खरंच, उजवा डोळाही भरला होता.

मागच्या वर्षी अण्णांना जिने चढणं, बाजारहाट जड व्हायला लागलं आणि त्यांच्या लेकीनं दोघांना व्हाइटफील्डला आपल्याकडे नेलं. खालचा भाग भाड्यानं दिला. तिथे एक तरुण जोडपं राहतं, सोलापूरकडचं. ती मुलगी हसतमुख आहे. एकदा जिन्यात मला म्हणाली, "काकू, या शुक्रवारी तो नवीन सिनेमा येतोय, जाऊया का आपण दोघी? तो हिरो कसला भारी दिसतो ना?" मी म्हटलं, वह्या तपासायच्या आहेत. तिनं पुन्हा विचारलं नाही. शाळेच्या स्टाफरूममध्येही हल्ली तरुण शिक्षिका मोबाइलवर ट्रेलर बघत असतात, ही किती म्हातारी दिसते, तो किती सुटलाय. मला ऐकवत नाही, असं नाही. ऐकते. पण मत विचारलं की माझ्याकडे मत नसतं.

दोन शनिवार आड मी मेट्रोनं व्हाइटफील्डला जाते. आठव्या मजल्यावरचं घर, खाली ऑफिसच्या कॅबची रांग. अण्णा पेपर वाचत असतात. अक्कानं बाल्कनीत तुळस आणि दोन कुंड्या मिरच्या लावल्यात. डॉक्टर म्हणतात दुखणं परत आलेलं नाही, दर काही महिन्यांनी बघावं लागेल. तिची भूक कमी झालीय. बोलणं तर त्याहून कमी.

परवा गेले तेव्हा समोरच्या मॉलच्या भिंतीवर मोठा दिव्यांचा पडदा बसवलेला दिसला. त्यावर नव्या सिनेमाची जाहिरात फिरत होती. कुणी नवाच हिरो होता, चार मजले उंच चेहरा, ओले केस, भरगच्च दाढी. चेहरा जवळ यायचा, डोळे रोखायचा, मग नाव यायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. आम्ही दोघी त्याच्याकडे तोंड करून बसलो होतो. तो तीनचार वेळा आला आणि गेला. मी वाट बघत होते. ती काही बोलेल, एखादाच शब्द, असं मला वाटत होतं, आणि तिनं काढला असता तर मीही त्या दाढीबद्दल सगळं काही बोलले असते.

अक्का उठली आणि बाल्कनीचा पडदा ओढून घेतला.

"उजेड लागतो डोळ्याला," ती म्हणाली. "कॉफी घेशील ना?"

घेईन म्हटलं. ती आत जाऊन माझ्यासाठी कॉफी घेऊन आली. स्वतःसाठी आणली नव्हती. मी कॉफी प्यायले, अण्णांना येते म्हणून सांगितलं, आणि अंधार पडायच्या आत मेट्रोनं परत निघाले.